दगड तुमचाच

माणगुप्पी, ता. १४ जून १९३६

तवनाप्पा,

मी रामराम लिहीत नाही, तू जयजिनेंद्र म्हणू नकोस. पत्र बघून हुरळून जायचं कारण नाही. समेटच करायचा असता तर निपाणी काही विलायतेत नाही, गाडी जुंपून आलो असतो. शाळेचं काम अडलंय म्हणून लिहितो. नाहीतर तुझ्यापायी शाई वाया घालवली नसती.

आपल्या शाळेला नवा मास्तर आलाय. यल्लाप्पा नाव, जांबोटीकडचा. तिकडं पाऊस फार, म्हणून हा उन्हातही छत्री घेऊन हिंडतो. पोरगेलासा दिसतो, पण बोलायला लागला की समोरच्याला जांभई आली तरी थांबत नाही. पहिल्याच दिवशी माझ्याकडं येऊन म्हणाला, "मारुतीराव, ही पोरं अशी का बसल्यात?"

कशी बसलीत ते तुला कुठलं ठाऊक असणार? तू गाव टाकून तंबाखूच्या वखारीत जाऊन बसलास. शाळेत दोन चटया आहेत. एकीवर वरच्या गल्लीची आमची मराठ्यांची पोरं, दुसरीवर बस्तीगल्लीची तुमची जैनांची. मधून भरलेली बैलगाडी जाईल एवढी वाट. आणि दोन्ही चटया एकमेकींकडं पाठ करून. मास्तर मधे उभा राहिला तर त्याला दोन्हीकडं नुसत्या पाठी दिसतात. म्हणून बिचारा एक धडा दोनदा शिकवतो, एकदा पूर्वेच्या भिंतीपाशी आणि एकदा पश्चिमेच्या.

मग त्याला दगडाची कथा सांगावी लागली. वेशीवरच्या दगडावर तलवार घेतलेला माणूस कोरलाय. गावावर धाड आली तेव्हा लढता लढता पडला, त्याचा तो दगड. तो आमचा पूर्वज नागोजी, हे शेंबडं पोरही सांगेल. तुमच्या गल्लीतलं शेंबडं पोर मात्र तो तुमचा आण्णाप्पा म्हणून सांगतं. आम्ही शेंदूर लावला, तुम्ही तो दुधानं धुतला. आम्ही पुन्हा लावला, तुम्ही पुन्हा धुतला. शेंदूर संपेना आणि तुमच्या म्हशी आटेनात. शेवटी वेशीवर सगळ्या गावादेखत तू मला काय म्हणालास आणि मी तुला काय म्हणालो, ते मास्तराला सांगितलं नाही. दोन्ही शब्द सभ्य माणसाच्या कानावर घालण्यासारखे नाहीत.

आता काम. मागच्या तपासणीला आलेले शाळाखात्याचे दिपोटी साहेब शेरा लिहून गेलेत. येत्या डिसेंबरात पोरं एकत्र बसलेली दिसली नाहीत, तर शाळा उचलून ओढ्यापलीकडच्या गावाला देणार. त्या लोकांनी आत्ताच घंटा आणून टांगली आहे. सकाळ-संध्याकाळ वाजवून बघतात, मला इथं ऐकू येते.

ही शाळा तुझ्या वडलांच्या जागेवर माझ्या वडलांच्या लाकडानं उभी राहिली. ती गेली तर दोघं वर आपली वाट बघत काठी घेऊन बसतील. मास्तर म्हणतो, साहेबासमोर दोन्ही गल्ल्यांचा एकेक जाणता माणूस हवा. तुमच्या गल्लीत तुझ्याशिवाय आहे कोण? तुझा लेक धरणेंद्र जेवायला तेवढं तोंड उघडतो. तेव्हा डिसेंबरात ये. ये म्हणजे शाळेत ये, माझ्या घरी नव्हे.

मारुतीराव


माणगुप्पी, ता. ८ जुलै १९३६

तवनाप्पा,

तुझं कार्ड मिळालं. मला मिळायच्या आधी ते गावाला मिळालं. माणसानं भांडणाचं पत्र पाकिटात घालून पाठवावं, एवढीही अक्कल वखारीत शिल्लक राहिली नाही काय? टपालवाल्यानं वेशीपासून वाचत आणलं. माझ्या दारात आला तेव्हा त्याला तोंडपाठ झालेलं. "मारुतीराव, कार्ड आलंय. दगड आमचाच, शाळा गेली खड्ड्यात, एवढंच हाय," म्हणाला आणि कार्ड हातात द्यायचं विसरून पुढं गेला. शेवटी आमची कारभारीण यशोदा मागं धावत जाऊन घेऊन आली.

शाळा खड्ड्यात गेली तर तुझी नात कमलाही तिच्याबरोबर खड्ड्यात जाईल, हे ध्यानात घे. पोरगी हुशार आहे. कुणावर गेली कोण जाणे.

आता मास्तराचं नवं खूळ ऐक. तो म्हणतो, दगडाचाच इतिहास शाळेत शिकवायचा. मी म्हटलं, शिकवा की, मी सांगतो तसा लिहून घ्या. तर म्हणतो, "आपापल्या घरातला इतिहास शाळेत कशाला? त्यो पोरांस्नी झोपेत बी येतोय. दुसऱ्याच्या घरातला शिकवायचा." म्हणजे काय, तर श्रावण लागला की आमची पोरं पाटी घेऊन बस्तीगल्लीत जाणार, तुमची आमच्याकडं येणार, आणि म्हाताऱ्यांनी दगडाचं जे सांगितलं ते लिहून आणणार.

सगळ्या गल्लीला पसंत पडलं, ही त्यातली गंमत. आजवर तुमच्या आण्णाप्पाची फजिती आम्ही आमच्यातच सांगत होतो. ती तुमच्याच पोरांच्या हातानं लिहून तुमच्या घरी पाठवायची सोय झाली, आणखी काय हवं? आण्णाप्पा धाडीच्या वेळी धान्याच्या पेवात लपला आणि दोन दिवसांनी अंगाला ज्वारी चिकटलेला बाहेर निघाला. मी घसा साफ करून ठेवलाय.

मारुतीराव

पाकिटातून पाठव.


माणगुप्पी, ता. २० ऑगस्ट १९३६

तवनाप्पा,

पोरं येऊन गेली. मी सांगायचं ते सांगितलं. अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

(दुसऱ्या दिवशी.) काल एवढंच लिहून पत्र बंद करणार होतो. पण तुला कमलाकडून कळणारच, तेव्हा माझ्याकडून कळलेलं बरं.

माझ्या वाट्याला नेमकी तुझी नात आली. पाटी पुढ्यात घेऊन मांडी घालून बसली. तुमच्या गल्लीचं पोर कितीतरी वर्षांनी आमच्या सोप्यात बसलेलं. मी घसा खाकरला. "लिही, तुमचा आण्णाप्पा," एवढं म्हणतोय तोवर यशोदा आतनं गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली. पोरीनं गूळ तोंडात टाकला आणि वर पाणी प्यायली.

संपलं. आपल्या गावचा रिवाज तू विसरला नसशील. ज्याचं पोर आपल्या घरचं गूळ-पाणी प्यालं, त्याच्या वाडवडलांना त्या उंबऱ्याच्या आत नावं ठेवायची नाहीत. इथला हा कायदा दिवाणी-फौजदारीच्या वरचा. मी यशोदाकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर चळचळ कापली असती. ती म्हणाली, "बगताय काय? पोरगी पानी प्याली. आता तिच्या म्होरं नावं ठिवताय व्हय?"

कमला पेन्सिल उचलून वाट बघत होती. "आज्जा, आण्णाप्पा काय करत हुता?"

"पेवात उतरला," मी म्हणालो. खोटं बोलायची सवय नाही मला.

"कशाला?"

आता काय सांगू? म्हटलं, "बायका-पोरं आत उतरवायला. सगळ्यांस्नी उतरवलं, वर झाकण घातलं आन् झाकणावर तलवार घिऊन हुबा राहिला."

"आमच्यात तलवार कुठली हो? आमच्यात तागडी असतीया."

"आमच्या नागोजीनं दिली."

"मग नागोजी कशानं लढला?"

बघ, ही तुझी नात. मी सगळ्या बाजूंनी विचार केला, पण नागोजीच्या हातात द्यायला काही सापडेना. शेवटी म्हणालो, "त्यो गुरं घिऊन रानात गेलता." तिनं ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. "नागोजी रानात पळाला," असं तुम्ही इतकी वर्षं बोंबलत होता, आणि त्यावर मी माझ्याच सोप्यात बसून शिक्कामोर्तब केलं. गणपती करायला गेलो आणि झाला मारुती, असं म्हणतात ते माझ्यावरूनच पडलं असेल.

यशोदाशी दोन दिवस बोलणार नव्हतो. पण जेवायला मागावं लागतं.

मारुतीराव


माणगुप्पी, ता. १३ सप्टेंबर १९३६

तवनाप्पा,

तू काही उत्तर दिलं नाहीस. नको देऊ. पण तुझ्या थोरल्या बहिणीनं, प्रेमलाआक्कानं, काय करून ठेवलंय ते ऐक.

पाट्या वाचायच्या दिवशी दोन्ही गल्ल्या झाडून शाळेत हजर. दुसऱ्या गल्लीनं आपल्याला काय काय शिव्या दिल्यात, त्या ऐकून जागच्या जागी फेडायला आलेले सगळे. काही जणांनी काठ्या आणल्या होत्या, गुरं राखायला म्हणून. मी मात्र घरी थांबणार होतो. माझ्या सोप्यातलं प्रकरण बाहेर पडलं की आमची गल्ली मला वेशीवर टांगणार, याची खात्री होती. यशोदानं ढकलून पाठवलं.

कमलानं माझं वाचलं. आण्णाप्पा झाकणावर, तलवार त्याच्या हातात, नागोजी रानात. आमच्या गल्लीच्या माना माझ्याकडं वळल्या. मी आढ्याकडं बघत राहिलो. लाकूड खरंच चांगलं आहे, अजून कीड नाही.

मग आमच्या गल्लीतल्या मष्णूचा पोरगा भावकू उठला. तो तुमच्या प्रेमलाआक्काकडून लिहून आलेला. तिनं त्याला शेंगदाण्याचा लाडू खायला घातला होता. भावकूनं वाचलं, "नागोजी पळाला न्हाय. गुरं रानात सोडून एकटा माघारी आला आन् धाडीला आडवा गेला. आण्णाप्पाला तलवार धराय येत न्हवती. दगडावरचा मानूस तुमचाच हाय रं लेकरा."

एकामागून एक पाट्या वाचल्या गेल्या आणि सगळीकडं हाच प्रकार. कुणाच्या घरी गूळ, कुणाच्या घरी लाडू, कुणाच्या घरी ताकाचा पेला. आमच्या गल्लीनं दगड तुम्हाला देऊन टाकलेला, तुमच्या गल्लीनं तो आम्हाला. भांडायला आलेल्या माणसाला मान दिला की त्याची जी पंचाईत होते, ती सगळ्या गावाची झाली. काठ्या कुठं लपवाव्यात कळेना.

मास्तराचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, झाली शांतता. जांबोटीच्या माणसाला माणगुप्पी काय कळणार?

पहिल्यांदा धरणेंद्र बोलला. होय, तुझा धरणेंद्र. "दगड तुमचाच हाय, आक्का खोटं बोलायची न्हाय."

मष्णू उसळला. "ऐकून घ्या, मारुतीराव काय खुळं न्हाय. दगड तुमचाच."

"तुमचा!"

"आमी कुनाचं उपकार घेत न्हाय!"

"आमी काय भिकारी हाय व्हय?"

मग जे भांडण जुंपलं, तसं शेंदराच्या वेळीही झालं नव्हतं. मास्तर छत्री उघडून तिच्या आड उभा राहिला.

मारुतीराव


माणगुप्पी, ता. ५ नोव्हेंबर १९३६

तवनाप्पा,

या खेपेला पाकीट पाठवलंस, आभारी आहे. आत एकच ओळ. "कमलानं पाटीवरचं उतरवून धाडलं, ते वाचलं. तू खोटं बोललास. आण्णाप्पा पेवातच लपला होता, मला माझ्या आज्यानं सांगितलंय."

खबरदार आण्णाप्पाला नावं ठेवशील तर. तो तुझा पूर्वज असेल, पण माझ्या सोप्यात तो झाकणावर उभा होता आणि यापुढंही राहील.

आणि तू सांगितलंसच तर मीही सांगतो, दुसऱ्या कुणाजवळ बोलू नकोस. आमचा आजाही म्हणायचा की नागोजी गुरांमागं रानात गेला तो धाड परतल्यावरच आला. वर एक वासरू हरवून आला. मी हे मास्तराला हळूच विचारलं. म्हटलं, एक पेवात, एक रानात, मग दगडावर कोण? मास्तर म्हणाला, "तिसराच कुनीतरी असंल. त्याच्या घरचं इचारायला कुनी उरलं नसंल." त्या दिवशी मी तसाच उठलो. वेशीवर जाऊन त्या माणसाकडं जरा वेळ बघत बसलो. नाक झिजलंय त्याचं. आपण भांडताना तो कसा दिसतो हे कधी बघितलंच नव्हतं.

त्याचे हालच आहेत. दगड कुणाचाच नाही म्हटल्यावर दसऱ्याला आमचा शेंदूर नाही, तुमचं दूध नाही. मष्णूची म्हैस त्याला अंग घासते. हाकलायला गेलं तर जो हाकलेल त्याचा दगड ठरेल, म्हणून दोन्ही गल्ल्या नुसत्या लांबून बघतात.

पोरं अजून पाठ करूनच बसतात. तुम्ही आमच्यावर उपकार का करता म्हणून. ओढ्यापलीकडं घंटा जोरात वाजते. तपासणी पंधरवड्यावर आली की पुन्हा लिहीन असं ठरवलं होतं, पण आत्ताच सांगतो. तू ये आणि सगळ्यांसमोर म्हण, दगड आमचाच. मग मी म्हणेन, छट, आमचाच. जुनं भांडण पुन्हा चालू झालं तर बरं होईल. त्यात निदान आपल्याला आपापली बाजू पाठ होती.

मारुतीराव


माणगुप्पी, ता. १७ डिसेंबर १९३६

तवनाप्पा,

तू आला नाहीस.

साहेब आले. टांग्यातून उतरताना त्यांच्या नजरेला पहिल्यांदा दोन चटया पडल्या आणि त्यांनी तिथंच खिशातून पेन काढलं. मास्तरानं छत्री भिंतीला टेकवली, ती पडली, पुन्हा टेकवली, पुन्हा पडली. तुमच्या गल्लीकडून कोण म्हणून साहेबांनी विचारलं तर प्रेमलाआक्का काठी टेकत पुढं आली. म्हणाली, "आमच्याकडनं मी. आन् ह्यो मारुती बी तसा आमच्यातलाच. न्हानपनी आमच्या पडवीत झोपायचा, आमच्या तवनाच्या पांघरुनात." सगळी पोरं हसली. साहेबही हसले. मी कुठं बघावं?

साहेबांनी भावकूला उठवून विचारलं, गावचा इतिहास काय शिकलास? भावकूनं दगडाची गोष्ट चालू केली, आक्कानं सांगितलेली, आणि मधेच अडकला. मागच्या पोरांकडं बघितलं. पाट्या वाचताना एकदाच कानावर पडलेली, त्यांना ती येत नव्हती, ती गोष्ट आमच्या गल्लीतली नव्हतीच ना. आक्काच्या पडवीत तिच्याभोवती बसून ती पुन्हा पुन्हा ऐकलेली फक्त तुमच्या पोरांनी. शाळा गेली असं मी मनात म्हणून टाकलं. तेवढ्यात कमलानं मान वळवली आणि पुटपुटली, "आरं, लाडू खाल्लास न्हवं, त्याच्या म्होरं काय म्हनाली आक्का?" भावकूला आठवलं.

मग कमलाची पाळी. ती माझ्या सोप्यातली गोष्ट सांगायला लागली आणि तीही अडली. तिला आमच्या मुलींनी सांगितलं, दाराआडून ऐकलेली होती त्यांनी. तिसरं पोर चुकलं तेव्हा दोन्हीकडून पोरं सांगायला लागली. पाठ करून किती वेळ ओरडणार? वळली. लांबून ऐकू येईना, तेव्हा ढुंगणानं पुढं सरकली. "तसं न्हाय," "आक्का आसं म्हनाली न्हाय," "आज्जानं नागोजीला तलवार दिलीच न्हाय," असा एकच कालवा. बैलगाडीची वाट कधी बुजली ते मला दिसलं नाही, आणि मी तिकडंच डोळे लावून बसलो होतो.

साहेबांनी टेबलावर हात आपटून विचारलं, "शेवटी दगड कुणाचा?"

सगळी पोरं एका सुरात "त्येंचा" म्हणाली, आणि बोटं एकमेकांकडं.

शेऱ्यात साहेबांनी लिहिलंय ते मास्तरानं वाचून दाखवलं. मुलं एकत्र बसतात, समाधान वाटलं, शाळा इथंच ठेवावी. शिकवलेला इतिहास मात्र नेमलेल्या पुस्तकातला नाही आणि त्यावर विश्वास ठेवता येत नाही, शिक्षकास समज देण्यात यावी. मास्तर समज मिळाल्यावर पेढे वाटत फिरला.

आता तुझ्यापुरतं. साहेबांनी जाताना तोंडी हुकूम केलाय. दोन्ही गल्ल्यांच्या जाणत्या माणसांनी महिन्यातून एकदा शाळेत एकत्र बसलं पाहिजे. तुझं नाव घेऊन सांगितलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचं आणि दिवसभर थांबायचं. गैरहजर राहिलास तर शाळा जाईल. सरकारी हुकूम आहे, त्यात माझं काही चालत नाही.

एवढं लिहून यशोदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "साहेब आसं कवा म्हनलं?"

म्हणाले नाहीत. त्यांनी तुझं नावही घेतलं नाही, त्यांना तू ठाऊकसुद्धा नाहीस. शाळा वाचली आहे आणि तुझ्यावाचून वाचली आहे. तुला बोलवायला आता माझ्याजवळ काहीच कारण उरलेलं नाही. पोरांना दुसऱ्याच्या दारात धाडायला मास्तर आहे. आपल्याला कोण धाडणार? तू गेल्यापासून या गावात मी नुसता म्हातारा होतोय, भांडायलासुद्धा बरोबरीचं माणूस नाही.

ये, तवना.

मारुती